बोलकी चिठ्ठी

रोह्याच्या स्टेशनजवळच्या एका खासगी क्लासमध्ये डेबोरा पेणकर अकरा वर्षं संगणक शिकवत होती. घर पेणला. घरात ती आणि आई, एस्थर. भाऊ वीस वर्षांपूर्वी इस्रायलला गेला आणि तिकडचाच झाला. पेणमध्ये त्यांच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू समाजाची आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत. भाऊ दर सणाला फोनवर विचारायचा, "तुम्ही दोघी कधी येताय?" डेबोरा म्हणायची, "इथं काम आहे रे." बरीच वर्षं हे उत्तर वेळ मारून नेण्यापुरतंच होतं.

पहिलं ॲप तिने केलं ते स्वतःच्या त्रासातून. पेण-रोहा जाण्यायेण्यात गाडी चुकली की पुढची एसटी कधी, हे कुणी धड सांगत नसे. तिने तीन महिने खपून दोन्हीकडच्या गाड्यांचं वेळापत्रक फोनवर आणलं. ॲप फुकट, खाली जाहिरातीची एक पट्टी. चार हजार लोकांनी ते घेतलं, पण महिन्याअखेर जाहिरातीचे जे पैसे आले त्यात क्लासमधल्या सगळ्यांना चहासुद्धा झाला नसता. ही गंमत तिने वर्गात सांगितली. मुलं मायाळू. मधल्या सुट्टीत चाळीस जणांनी मॅडमला मदत म्हणून रोज त्या जाहिरातींवर बोटं मारायला सुरुवात केली.

पाचव्या दिवशी जाहिरातवाल्या कंपनीचा मेल आला. खोट्या क्लिकमुळे खातं कायमचं बंद. तिने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. मुलं माना खाली घालून बसली होती.

"तुमचं मन चांगलं होतं," डेबोरा म्हणाली. "चूक माझी. कमाई कुणाच्या हातात ठेवलीय ते मी बघितलंच नाही. पुढचं ॲप असं करायचं, की वापरणारा स्वतः पैसे देईल."

पुढचं ॲप शेजारून आलं. भिंतीला भिंत लागून राहणारी पुतळी हमरापूरच्या सुशील म्हात्र्यांच्या कारखान्यात गणपतीची आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम पेणच्या भागात सगळ्यांनाच जमत नाही, आणि ज्याला जमतं त्याला फार मान. एका संध्याकाळी पुतळी वैतागून आली. गिऱ्हाइकाने सांगितलेला रंग चिठ्ठीवर लिहून मूर्तीच्या पाटाला चिकटवायची पद्धत. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडाल्या, कुणीतरी अंदाजाने परत लावल्या, आणि हिरव्या शेल्याची मूर्ती लाल होऊन बसली.

"सगळी मूर्ती पुसून पुन्हा करा म्हणतात," पुतळी म्हणाली. "डोळं काय दोनदा तसंच येतात काय?"

दुसऱ्याच रविवारी डेबोरा तिच्याबरोबर हमरापूरला गेली. दिवसभर एका स्टुलावर बसून तिने फक्त बघितलं. दीड महिन्यात ॲप तयार झालं. मूर्तीचा फोटो काढायचा, नंबर द्यायचा, रंग निवडायचे, गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. तिच्या मते त्यात काही राहिलं नव्हतं. पुतळीने ते हातातही घेतलं नाही.

"मॅडम, माझ्या बोटांना रंग हाय. ह्या काचेला कशी लावू? आणि एवढं लिवत बसले तर रंगवू कधी?" मग ती म्हणाली, "मी नुसती बोलले तर नाय चालायचं?"

डेबोराने घरी येऊन अर्ध्याहून जास्त काम पुसून टाकलं. आता बुकिंग घेणाऱ्याने फोटो काढून नुसतं बोलायचं: "नंबर बत्तीस, पाटीलबाई, शेला हिरवा, सोंड डावी." रंगवणाऱ्याने फोनजवळ नंबर उच्चारला की तोच आवाज परत ऐकू यायचा. हाताला रंग असला तरी काम अडत नव्हतं.

एस्थरबाईंना एकच गोष्ट खटकत होती. "आपल्यात मूर्ती पुजत नाहीत. आणि तू दिवसभर गणपतींचे फोटो बघत बसतेस?"

"मी पूजा नाही करत आई. कुणाचा शेला कुठल्या रंगाचा, एवढं लक्षात ठेवते. तुझ्या आजोबांच्या घाण्याचं तेल गावातल्या सगळ्या देवळांच्या दिव्यांत जायचंच ना?"

"जायचं खरं," एस्थरबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

ॲपला नाव दिलं 'माझा बाप्पा'. डेबोराला ते गोड वाटलं आणि तिथेच ती फसली. समाजमाध्यमांवर पदरचे पैसे घालून तिने जाहिरात केली. आठवड्यात नऊ हजार लोकांनी ॲप घेतलं, आणि दहाव्या दिवशी एकेका ताऱ्याच्या शेऱ्यांचा पाऊस सुरू झाला. 'आरती वाजत नाही.' 'बाप्पाचे वॉलपेपर कुठे आहेत?' 'फालतू ॲप.' नऊ हजारांत कारखानदार होते अकरा. त्या ताऱ्यांमुळे फोनवरच्या ॲपच्या दुकानात ते इतकं खाली गेलं, की नाव टाकून शोधलं तरी सापडेना.

मग ते ॲप काढून टाकून तिने नव्याने चढवलं आणि नाव ठेवलं 'कारखान्याची चिठ्ठी'. आरती शोधणारा आता तिकडे फिरकणार नव्हता. जाहिरातीला एक रुपया घातला नाही. क्लास नसेल त्या दिवशी ती हमरापूर, जोहे, तांबडशेत अशी कारखान्या-कारखान्यांतून हिंडली. गेली की आपला फोन पाटावर ठेवायची आणि म्हणायची, "बोला काहीतरी." लोक आधी लाजायचे, मग आपलाच आवाज ऐकून हसायचे, आणि मग बाजूच्या कारखान्यातल्या माणसाला हाक मारायचे.

पैशाची गोष्ट निघाली ती सुशीलकडे. डेबोराने सांगितलं, पन्नास मूर्तींपर्यंत फुकट, त्यापुढे हंगामाचे पंधराशे.

"ॲपला पैसे?" सुशील म्हणाला. "फोनमदी सगळं फुकटच असतं मॅडम. तुम्ही तर घरच्या. पाचशे करा."

"घरची आहे म्हणूनच खरी किंमत सांगितली. तुमची मूर्ती मी कधी घासाघीस करून मागितली का?"

"तुम्ही मूर्ती घेताच कुठं?" सुशील म्हणाला, आणि दोघंही हसले. पण भाव तिने सोडला नाही.

सुशीलने शक्कल काढली. स्वतःच्या, बायकोच्या आणि सून भाविकाच्या फोनवर ॲप टाकलं. प्रत्येकी पन्नास फुकट. महिनाभर ठीक चाललं. मग एका व्यापाऱ्याच्या चाळीस मूर्तींपैकी निम्म्या एका फोनवर आणि निम्म्या दुसऱ्यावर, नंबर तेच, अशी गल्लत झाली. टेम्पो दारात उभा आणि मूर्ती कुठली कुणाची कळेना. बी.कॉम. झालेली भाविका सासऱ्यांना सरळ म्हणाली, "बाबा, आपण हुशारी केली ती आपल्यालाच महागात पडली." त्याच संध्याकाळी तिने पंधराशे भरले. पुढे बाकीच्या कारखान्यांना ॲप शिकवायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं, आणि डेबोराने त्याचा तिला रीतसर वाटा ठरवून दिला.

एक गोष्ट डेबोरा प्रत्येकाला आधीच सांगायची: शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, म्हणून माझा फोन बंद. काही जण म्हणाले, ऐन हंगामात असं कसं चालेल? ती म्हणायची, "माझ्या पणजोबांचा घाणा शनिवारी बंद असायचा. लोक शुक्रवारी तेल नेत. मी ॲपच असं केलंय, की माझ्यावाचून अडणार नाही."

ह्या बोलण्याची परीक्षा चतुर्थीच्या दोन आठवडे आधी, शुक्रवारी दुपारीच झाली. आदल्या दिवशी तिने ॲपमध्ये छोटी सुधारणा केली होती. जुन्या फोनांवर तपासून बघायचं राहून गेलं. चारच्या सुमाराला भाविकाचा फोन आला. "ताई, फोटो दिसतात पण आवाज मुका झालाय. सात कारखान्यांत."

"माझीच चूक आहे," डेबोरा म्हणाली. "एक तास दे."

तासाभरात तिला चूक सापडली, दुरुस्तही झाली. पण दुरुस्त ॲप दुकानवाले तपासून सोडणार, त्याला एक दिवस लागेल की दोन, ते तिच्या हातात नव्हतं. सूर्य खाली आला होता. आईने शब्बाथच्या दिव्यात तेल घातलं होतं. डेबोराने भाविकाला परत फोन केला.

"ऐक. आवाज कुठेही गेलेले नाहीत. मी ते मुद्दाम साध्या फाइली म्हणून फोनमध्येच ठेवलेत. गाणी वाजवायचं जे काही फोनमध्ये असेल ते उघड. मूर्तीचा जो नंबर, तेच फाइलीचं नाव. बत्तीसवर बोट ठेव."

पलीकडून पाटीलबाईंच्या हिरव्या शेल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मागे पुतळी म्हणाली, "बोलला गो, बोलला."

"सातही ठिकाणी जाऊन दाखवशील?"

"स्कूटी काढतेच आहे," भाविका म्हणाली.

डेबोराने फोन बंद करून कपाटात ठेवला. दुसरा दिवस तिने आईबरोबर काढला. मनात कारखाने येत होते, नाही असं नाही. पण जेवण झाल्यावर तिला शांत झोप लागली. शनिवारी चांदण्या दिसल्यावर तिने फोन उघडला. दुरुस्त ॲप दुपारीच सुटलं होतं. सातांपैकी एकाही कारखान्याचं काम थांबलं नव्हतं. रागाचा एक निरोप होता, जोह्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराचा. त्याच्याकडे ती रविवारी सकाळी स्वतः गेली आणि चूक कबूल करून आली. तेव्हापासून घरात तीन जुने फोन चार्जिंगला असतात आणि त्यांच्यावर चालल्याशिवाय तिची कुठलीही सुधारणा बाहेर जात नाही.

आज त्रेसष्ट कारखाने पैसे भरून तिची चिठ्ठी वापरतात. रोह्याचा क्लास तिने आठवड्यातून दोन दिवसांवर आणलाय. सोडला मात्र नाही. मध्यंतरी रोह्यातल्या पापडवाल्या बायकांच्या गटाची प्रमुख ठमाबाई तिला क्लासच्या दारातच भेटली.

"आम्हाला पण एक ॲप करून द्या मॅडम. आम्ही पैसे देऊ."

डेबोरा सबंध दुपार त्यांच्याकडे बसली. बाया लाटत होत्या, कुणी वाळत घालत होती, ऑर्डरी तोंडावर घेतल्या जात होत्या आणि दिवसाला त्या सहा-सातच्या वर नव्हत्या. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "ठमाबाई, तुम्हाला ॲप नको. दाराशेजारी एक फळा लावा. ऑर्डर आली की लिहायची, गेली की पुसायची."

"म्हंजे तुमचं नुकसान."

"कुठलं आलंय. दिवसाला पन्नास ऑर्डरी यायला लागल्या की मला बोलवा. तेव्हा मी पूर्ण भाव लावणार."

ठमाबाईने पापडाचं एक पुडकं तिच्या पिशवीत टाकलं. डेबोराने त्याचे पैसे दिले आणि पाचची गाडी पकडायला स्टेशनकडे चालू लागली.