उसना श्वास

मावशीचं नाव पडद्यावर कधी आलं नाही. येणार तरी कसं? रडण्याबद्दल कुणाचं नाव देत नाहीत. आमच्या डबिंग स्टुडिओत परदेशी मालिका आणि हल्ली तर बहुतेक ॲनिमेच, म्हणजे जपानी चित्रमालिका, आपल्या भाषेत येतात. संवाद बोलणारे कलाकार वेगळे. ते घसा जपतात, कोमट पाणी पितात आणि रडायचा प्रसंग आला की त्यांना अचानक दुसरीकडे जायचं आठवतं. मग मावशीला हाक मारायची. हुंदके, उसासे, उचकी, तापातलं कण्हणं, जिना चढून आल्यावरची धाप, सगळं तिच्याकडे. नायिका बोलायची एकीच्या तोंडून आणि रडायची मावशीच्या. काचेच्या अलीकडे बसून मी तिचं इतकं रडणं टिपलंय की मला माझ्या बायकोचं रडणं कच्चं वाटायला लागलं. हे मी एकदा बायकोला बोललो. पुन्हा बोललो नाही.

या धंद्यात ती बहिणीच्या मागून आली. धाकटी बहीण आमचा मुख्य आवाज होती. मावशी थर्मास घेऊन तिच्याबरोबर यायची आणि कोपऱ्यात विणत बसायची. शाळा सुटली की धाकटीची लेकही यायची. तिला सगळे ठकू म्हणायचे. आईनं मध्येच "ठके!" अशी हाक मारली की ही जिथे असेल तिथून "आले गं आई" म्हणून ओरडायची. कितीतरी टेक तिनं नासवले आणि मी तिच्या नावानं बोटं मोडली.

एक दिवस धाकटीचा घसा बसला, आणि काम तर संध्याकाळी द्यायचं होतं. कोपऱ्यातून मावशी म्हणाली, "रडायचंच आहे ना? मी रडते. घरी तरी कोण रडतं? ही नुसती बोलते." आम्ही हसलो. तिनं सुया बाजूला ठेवल्या, माईकपुढे आली आणि एक हुंदका दिला. आमचं हसू तिथेच विरलं. तेव्हापासून दोघी मिळून एक बाई झाल्या.

"मावशी, तुम्हाला जमतं कसं हे?" असं कुणी विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर होतं. "मी काही करत नाही. कानावर पडलेलं असतं, तेच बाहेर येतं." ते खरंच होतं. शेजारणीचं रडणं, बसमधल्या बाईचं, दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचं, सगळं तिच्या छातीत जाऊन बसायचं आणि गरजेला हजर व्हायचं. बोलावलं नाही तरी व्हायचं, हे आम्हाला पुढे कळलं.

धाकटीला फुप्फुसाचं दुखणं लागलं. नवरा केव्हाच पसार झालेला. मावशीनं लग्नच केलं नव्हतं. त्यामुळे दवाखान्यात आलटूनपालटून दोघीच, मावशी आणि कॉलेजात गेलेली ठकू. शेवटच्या दुपारी मावशीनं ठकूला घरी पिटाळलं. "जा, अंघोळ कर, दोन घास खा. मी आहे ना." ठकू परत आली तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. मावशी म्हणाली, "झोपेतच गेली गं. शांत गेली. मला बाजूला बसूनही कळलं नाही." त्या एका वाक्याचा आधार घेऊन पोर उभी राहिली. भेटेल त्याला सांगायची, "आई शांत गेली, काका. तेवढं तरी बरं झालं."

त्यानंतर वर्षभरानं ते ॲनिमे आलं. गोष्ट जुनी, आम्ही शाळेत भाषांतरात वाचलेली. नदीच्या दोन काठांवरची दोन घरं, त्यांचं हाडवैर आणि त्यांच्या पोरांचं प्रेम. मुलगी तापानं फणफणते, मुलगा वैद्याला आणायला होडी घेऊन निघतो आणि धुक्यात भलत्याच काठाला लागतो. तोवर ती गेलेली असते. पुस्तकात ती एका ओळीत मरते. ॲनिमेवाल्यांनी ते मरण लांबवलं होतं. पडद्यावर नुसता चेहरा, ओठ मिटलेले, संगीत बंद. म्हणजे सगळा भार श्वासावर.

मावशीचा पहिला टेक गोड झाला. मी म्हटलं, "मावशी, हे मरण नाही. ही झोप झाली." तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा टेक दिला. आधी घरघर. मग काहीच नाही, इतका वेळ की मी खुर्चीतून उठलो. मग कुठून तरी खोलातून ओढून काढलेला श्वास. पुन्हा घरघर. आणि अगदी शेवटी, श्वासातच, "ठके".

ते संहितेत नव्हतं. मी विचारलं, "हे काय?" "चुकून आलं. काढून टाका," मावशी म्हणाली आणि थर्मास विसरून निघून गेली. मी तेवढं कापलं. दिग्दर्शक म्हणाला, कमाल झाली.

दर रविवारी ठकूचे मित्र मावशीकडे ॲनिमे बघायला जमायचे. त्यांचा एक नियम होता. शेवटचं गाणं संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग एक उशी फिरायची, आणि ज्याच्या मांडीवर उशी, त्यानंच बोलायचं. मरणाचा तो भाग आला त्या रविवारी ठकूनं मलाही बोलावलं होतं. मावशी स्वतःचं काम कधी ऐकत नसे. भाग लागला की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. त्या दिवशीही सोडला.

गाणं संपलं. उशी आधी एका दाढीवाल्या मित्राकडे गेली. "गोष्टीची पार वाट लावली," तो म्हणाला. "पुस्तकात एका ओळीत मरते, म्हणून तर जिव्हारी लागतं. इथे नुसती ओढाताण. आणि ती घरघर! अतीच केलंय. असं कुणी मरतं का?"

त्याच्या हातातली उशी एका मुलीनं हिसकावली. तिला ते शंका म्हणत, कारण तिला कुठलीच गोष्ट पटत नसे. "तू कुणाला मरताना बघितलंयस? माझे आजोबा अस्सेच गेले. हीच घरघर, मध्ये असंच थांबणं. लोकांना आम्ही सांगतो झोपेत गेले म्हणून. सगळेच सांगतात. आणि हे करणाऱ्या बाईनं ते जवळून ऐकलंय, पैज लावते."

तिनं उशी ठकूच्या मांडीवर टाकली. ठकू अजून पडद्याकडेच बघत होती. "अगं, उशी तुझ्याकडे आहे," दाढीवाला म्हणाला. ठकू उशी छातीशी धरून उठली, स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज बंद झाला.

"मावशी, तो श्वास कुणाचा?"

"कामाचा गं. कामात काय काय करावं लागतं."

"कानावर पडतं तेच बाहेर येतं, तूच म्हणतेस ना? तुझ्या कानावर कुणाचा पडला?"

मी दारात होतो. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं तसं पाहायला नको होतं. ठकूनं ते टिपलं आणि माझ्याकडे वळली. "काका, मला तो पूर्ण ऐकायचाय. तुम्ही कापलेलं असेल तेसुद्धा."  मागून मावशीच म्हणाली, "ऐकवा. किती दिवस झाकणार?"

दुसऱ्या दिवशी दोघी स्टुडिओत आल्या. मी ठकूच्या कानावर हेडफोन चढवले आणि न कापलेला टेक लावला. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटाला आल्यावर तिचा हात कानाकडे गेला. तिनं हेडफोन काढले.

"हे तू म्हणालीस की ती?"

"ती. शेवटपर्यंत तुलाच हाका मारत होती."

"मग मला घरी का पाठवलंस? मी मागितलं होतं का घरी जायला?"

"डॉक्टर म्हणाले होते, आता घरघर सुरू होईल. ती तुझ्या कानावर पडू नये म्हणून."

"आणि मग साऱ्या जगाला ऐकवलीस."

 मावशी रडत होती, पण तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत तिचं असं रडणं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यात टिपण्यासारखं काहीच नव्हतं. मला तिचा राग आला होता, दयाही येत होती, आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं.

ठकूनं हेडफोन पुन्हा चढवले. "परत लावा, काका."

मी लावलं. मला आणि मावशीला काहीच ऐकू येत नव्हतं. टेप तिच्या एकटीच्या कानात चालू होती. कानावर हेडफोन असले की माणूस गरजेपेक्षा मोठ्यानं बोलतो. ठकूही तशीच मोठ्यानं बोलली, लहानपणी टेक नासवायची तशी.

"आले गं आई."