शेठची डावी बत्ती

"ह्याला आजच घरी पाठवतो. तू फक्त स्विच बदल," नवी पेठेतले कापडवाले शेठ मला म्हणाले.

'ह्याला' म्हणजे भीमाला, त्यांच्या ड्रायव्हरला. मंद्रूपचा माणूस, घरात पाच खाणारी तोंडं. माझ्या गॅरेजच्या दारात मान खाली घालून उभा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेठच्या जुन्या गाडीचा इंडिकेटर डावीकडे टाकला की तिथंच अडकायचा. मंद्रूपहून सोलापूरपर्यंत डावी बत्ती उघडझाप करत यायची आणि मागचे ट्रकवाले शेठच्या कुळाचा उद्धार करायचे.

"इंडिकेटरची दांडी हिसडतो हा," शेठ म्हणाले.

"न्हाय ओ मिस्त्री. बोटानं ढकलतो. लई जपून," भीमा पुटपुटला.

मला त्याची दया आली. पण दयेनं स्विच उघडत नाही.

हा स्विच स्टिअरिंगच्या चाकाखाली, कॉलमवर बसतो. कॉलम म्हणजे चाकाखालची उभी नळी. आधी बॅटरीची वायर काढायची, नाहीतर हॉर्न बोंबलतो. मग हॉर्नचं बटण, मग मोठा नट. चाक आणि आतला दांडा, दोन्हींवर खूण करायची. विसरलात तर गाडी सरळ जाते आणि चाक वाकडं राहतं.

बटण उचकटून आत डोकावलो आणि हसू फुटायला आलं. दाबलं कसंबसं.

"शेठ, जरा खाली पेपर धरता का? बारीकसारीक काही पडेल."

शेठनी पेपर धरला. मी चाक उपसलं. पेपरवर आधी कुंकू पडलं. मग हळदीचं ढेकूळ, अक्षता, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दांडी परत आणणारी स्प्रिंग त्या चिखलात पार रुतली होती.

"भीमा, गाडीची पूजा कोण करतं रे?" मी साळसूदपणे विचारलं.

"मालकच की. दर अमावस्येला. चाकावर नारळाचं पानी बी तेच शिंपडत्यात. मला हात लावू देत न्हाईत."

शेठनी पेपर एका हातात घेतला. मग त्यातल्याच कुंकवाचं बोट कपाळाला लावून म्हणाले, "बसव नवा."

बसवला. खुणेला खूण जुळवून चाक लावलं. वळण संपलं की दांडी आपसूक जागेवर. शेठनी किल्ली भीमाच्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या अमावस्येनंतर भीमा एकटाच गाडी घेऊन आला. ह्या खेपेला पूजा बॉनेटवर झाली होती आणि नारळही तिथंच फुटला होता. भला मोठा पोचा.

"मालक म्हनले, मिस्त्रीला आदी सांग, पोचा मीच पाडलाय."

तेव्हापासून कुणी ड्रायव्हरवर खापर फोडलं, की मी आधी चाक उतरवतो, मग तोंड उघडतो.