टोकाची दोन अक्षरं

आमच्या संस्थेत त्यांना सगळे रकानेताई म्हणतात. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे रकानेताई. त्यांना हे माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की दोन्हींपैकी एक काय ते ठरवा.

मी त्याच मजल्यावर सर्व्हर सांभाळतो. आमच्या टेबलांच्या मधे फक्त एक लोखंडी कपाट आहे, त्यामुळे ताईंचे फोन मला ऐकायचे नसले तरी ऐकावे लागतात.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. आपल्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी जनुकांचे तुकडे कापून पुन्हा जोडतात आणि त्यातून स्वतःचं हत्यार घडवतात. ही जोड जवळजवळ प्रत्येक पेशीत निराळी पडते. प्रयोगशाळा रुग्णांचं रक्त घेतात, यंत्रावर या जोडी वाचतात आणि अक्षरांच्या ओळी करून साठवतात. एकेका माणसाच्या अशा लाखो ओळी. दोन ठिकाणच्या रुग्णांत एकच जोड सापडली तर रोगाचा माग लागू शकतो. पण त्यासाठी दोन्हीकडच्या फाइली एकाच पद्धतीने भरलेल्या हव्यात. त्या तशा नसतात. त्या तशा करून घ्यायला ताईंची नेमणूक झालेली आहे.

"नमस्कार. तुमच्या फाइलीत एक रुग्ण उणे दोन वर्षांचा आहे," असं त्या अगदी शांतपणे विचारतात. "तो जन्मल्यावर पाठवता का?"

एका प्रयोगशाळेने नमुना कोणत्या प्राण्याचा, या रकान्यात 'आमच्याच विभागातला' असं भरलं होतं. रक्त तिथल्या एका संशोधकाने स्वतःचंच दिलं होतं, म्हणून. ताईंनी फोन करून तो माणूस असल्याची खात्री करून घेतली. पलीकडचा माणूस हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी 'माणूस' असं भरलं आणि पुढची फाइल उघडली.

घरी त्यांच्या या कामाचं फारसं कुणाला कौतुक नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, "सून लोकांच्या रक्तातली अक्षरं नीट करते." ऐकणारीला वाटतं, काहीतरी अघोरी प्रकार आहे. ताईंचे यजमान गाडी चालवायला शिकवतात. एकदा ते ताईंना न्यायला आले होते तेव्हा मला म्हणाले, "माझे शिकाऊ लोक तरी आठ दिवसांत सरळ जायला लागतात. हिचे डॉक्टर वर्षानुवर्षं फुटपाथवरच."

यातले सगळ्यात मोठे फुटपाथवाले दोन, सर आणि मॅडम.

सर आणि मॅडम एकेकाळी नवरा-बायको होते. या जोडी वाचायची आमच्याकडची पद्धत दोघांनी मिळून बसवली, एकाच टेबलावर, एकाच डब्यातून जेवत. मग संसार मोडला. तो का मोडला ते त्यांनाच ठाऊक. पण प्रयोगशाळा दोन झाल्या आणि प्रत्येकाने आपापला हिशोब धरला. जोड कुठून कुठपर्यंत मोजायची, यावर दोघांचं जमेना. तिच्या दोन्ही टोकांना एकेक ठरलेलं अक्षर असतं, बहुतेक वेळा तेच ते. सर ती दोन अक्षरं धरून मोजायचे. मॅडम म्हणायच्या, दरवेळी तेच येणार तर लिहायचं कशाला, आणि छाटून टाकायच्या. बरं, रकान्याचं नाव दोघांकडे एकच: 'जोड'. त्यामुळे दोघांच्या फाइली शेजारी ठेवल्या तर संगणक म्हणायचा, यांच्यात काही म्हणजे काही जुळत नाही. आणि हे म्हणताना तो बिचारा फक्त फाइलींबद्दल बोलत असायचा.

ताईंनी दोघांना समजावून पाहिलं. त्यांचा हट्ट एकच: एक रकाना, एक अर्थ. दोघांपैकी कुणीतरी वाकायला हवं होतं. सर म्हणाले, "टोकं धरून मोजतील त्या, तेव्हा बघू." मॅडम म्हणाल्या, "त्यांना सांगा, टोकाला जायची सवय त्यांची जुनीच आहे." ताईंनी दोन्ही उत्तरं बैठकीच्या इतिवृत्तात जशीच्या तशी टाकली, संचालकांनी ती काढायला लावली.

मग लहान मुलांच्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरबाई आल्या. त्यांच्याकडे काही मुलं होती, ज्यांच्या पेशी स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडत होत्या. गुडघे सुजलेले, सकाळी चालता येईना. अशा मुलांचं रक्त आधी सरांकडे जाई, नंतर काही कारणाने मॅडमकडे जायला लागलं. बाई म्हणाल्या, "मला एवढंच बघायचंय, या सगळ्या मुलांत काही सारखं आहे का. तुम्ही म्हणता फाइली जुळत नाहीत. मग मी पालकांना काय सांगू? की डॉक्टरांचं आपसांत पटत नाही?"

 बाई गेल्यावर ताईंनी दोन फोन केले आणि सर-मॅडम दोघांनाही एकाच दिवशी एकाच वेळी बोलावलं. दुसराही येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही. इतकी वर्षं 'माहिती लपवू नका' म्हणून लोकांचं डोकं खाणाऱ्या बाईने.

बैठकीची खोली लहान होती. सर आले, खिडकीजवळ बसले. मॅडम आल्या, सरांना पाहून दारातच थांबल्या, मग दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. पडद्यावर फाइली दाखवायला मी होतो. मधे ताई.

"ताई, त्यांना विचारा, मुलांचं जुनं वाचन आहे का अजून," मॅडम म्हणाल्या.

"त्यांना सांगा, ओळी आहेत. यंत्राचं मूळ वाचन नाही. जागा नव्हती, पुसलं."

"वाटलंच होतं," मॅडम छताकडे बघत म्हणाल्या.

असं बराच वेळ चाललं. ताई दोन्हीकडे मान वळवून निरोप पोचवत होत्या, जणू मधे भिंत आहे. शेवटी त्यांची मान दुखायला लागली असावी. त्या उठल्या. "चहा आणते. तोवर निदान रकान्याचं नाव ठरवा."

चहाचं यंत्र नेमकं बंद होतं. ताई खालच्या मजल्यावर गेल्या. आणि इकडे खोलीत, ज्या क्षणासाठी त्यांनी इतका खटाटोप केला, तो क्षण त्यांची वाट न बघता येऊन गेला.

झालं असं. पडद्यावर सरांची फाइल होती. मॅडम पाहत होत्या, पाहायचं नाही असं दाखवत. एकाएकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खाली घे. थांब. ही ओळ. शेवटचं अक्षर वेगळंच आहे."

"असतात अशा काही," सर म्हणाले. "मी ठेवतो."

"मी टाकून देते. यंत्राची चूक समजून." मग जरा थांबून, "या मुलाला काय होतं?"

"गुडघे."

"आणि ही दुसरी?"

"तेच."

मॅडम उठल्या आणि माझ्या संगणकाशी आल्या. सरही आले. मला उठून जागा द्यावी लागली. मॅडमनी आपल्या प्रयोगशाळेतून मूळ वाचन मागवलं. त्यांनी ते सगळं जपून ठेवलं होतं. त्या टाकून दिलेल्या ओळी त्यात शोधायच्या होत्या.

"तू छाटायच्या आधीचं घे," सर म्हणाले.

"कळतं मला. तू सरक जरा, दिसत नाही."

ते 'तू' ऐकून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दोघांच्या मात्र लक्षातही आलं नसावं. थोड्या वेळाने मॅडमकडे रक्त आलेल्या मुलांमध्येही तीच ओळ निघाली. सगळ्यांत नाही, पण बऱ्याच जणांत. 

ताई कप सांभाळत आत आल्या तेव्हा दोघं एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालून बोलत होते. ताईंनी ट्रे ठेवला आणि विचारलं, "नाव ठरलं का?"

नाव नव्हतंच ठरलं. त्या दिवशी ठरलं ते हे, की दोन रकाने ठेवायचे. एकात टोकांसकट जोड, एकात टोकांशिवाय, आणि दोन्हींची नावं वेगळी. ताईंना हे पटायला वेळ लागला. एका गोष्टीचे दोन रकाने म्हणजे त्यांच्या दृष्टीने पराभवच होता. काही दिवस त्या माझ्याशीही मोजकं बोलल्या, खोलीत मी हजर होतो हाच माझा गुन्हा. मग एके सकाळी कपाटावरून डोकावून म्हणाल्या, "अरे, त्या दोन गोष्टी एक नव्हत्याच. मीच एक धरून बसले होते." आणि व्याख्या लिहायला बसल्या.

मुलांच्या दुखण्यावर लगेच औषध सापडलं असं काही झालं नाही. पण डॉक्टरबाई आता नवं मूल आलं की ती ओळ आधी शोधतात, आणि सूज चढायच्या आत उपचार सुरू करता येतात. एक मुलगी तर रुग्णालयाच्या व्हरांड्यात पळते म्हणून तिला ओरडा खावा लागला, असं बाईंनी मुद्दाम कळवलं.

सर आणि मॅडम पुन्हा एकत्र आले का, असं सासूबाईंनी ताईंना फार आशेने विचारलं. नाही आले. सरांना दुसरा संसार आहे, मॅडमना नको आहे. पण नव्या पद्धतीने भरलेल्या फाइली दोघांनीही पाठवल्या, आणि ताईंनी दोन्ही परत केल्या. सरांनी जिथे माहिती नव्हती तिथे जागा मोकळी सोडली होती, मॅडमनी रेघ मारली होती. दोन्ही चालणार नाही, असं ताईंनी कळवलं.

पुढच्या आठवड्यात संचालकांनी ताईंना बोलावलं. टेबलावर तक्रारीचं पत्र होतं: रकान्यांच्या कामात अवाजवी आडमुठेपणा, संशोधनाचा खोळंबा, वगैरे. खाली दोघांच्या सह्या, शेजारी शेजारी.  ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि त्याची एक प्रत मागून घेतली.

"समज देतोय मी तुम्हाला," संचालक म्हणाले.

"हो, मिळाली," ताई म्हणाल्या, आणि खाली येऊन त्यांनी दोघांना पुन्हा फोन लावला.