पूर न पाहिलेली गाडी

महाडात गाडीचं काहीही बिघडलं की दोष पुराचा. माझ्या जुन्या पिकअपचं स्टेअरिंग इतकं ढिलं झालं, की चार बोटं फिरवलं तरी चाकं जागची हलत नव्हती. मेकॅनिकने खाली न वाकताच सांगून टाकलं, "पुराचं पाणी गेलंय वहिनी. अख्खा स्टेअरिंग बॉक्स बदला."

पूर आला तेव्हा गाडी पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीत उभी होती. तसं सांगितलं, तर म्हणाला, "घरातल्या बाप्या माणसाला पाठवा."

आमचे हे मुंबईला असतात. गाडी मीच चालवते.

घरी येऊन सासूबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितलं आणि गाडीखाली शिरले. एकेका सांध्यावर हात ठेवून पाहिलं. बॉक्स घट्ट होता. उजव्या चाकाजवळ, चाक वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला मात्र तळहाताखाली टकटक लागली.

"गावला काय गो?"

"गावला."

दुसऱ्या दिवशी गॅरेजला सासूबाई हट्टाने सोबत आल्या. मी बिघाड दाखवला. मेकॅनिकने माझ्या मागे पाहिलं. "बाप्या माणूस नाय आला?"

सासूबाई गाडीच्या खिडकीतूनच म्हणाल्या, "तू हायस नाय? मग उचल पाना."