मार्गरेटबाईंबरोबर ब्लेचलीला

मेडनहेडच्या घरातून गाडी बाहेर काढता काढता माझ्या भाचीने, अनिताने, मला मराठीत बजावलं, "मावशी, बेल्ट लाव. आणि मार्गरेटला वॉरचं काही विचारू नको हं. ती कधीच सांगत नाही."

मार्गरेटबाई मागच्याच सीटवर बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं म्हणून बरं. माझी थोरली बहीण नलूताई इथे हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि या बाई तिच्या शेजारीण. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पाठ ताठ, बोलणं मोजकं. दुसऱ्या महायुद्धात त्या इंग्रज सरकारच्या कचेरीत टायपिस्ट होत्या, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मी साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवते. युद्धात जर्मनांची सांकेतिक लिपी फोडण्याचं काम जिथे चाललं, ती ब्लेचलीची जागा आता लोकांना बघता येते, असं कळल्यापासून मी नलूताईच्या मागे लागले होते. तिची ड्यूटी निघाली, म्हणून अनिता निघाली. आणि कुंपणापलीकडून मार्गरेटबाई अचानक म्हणाल्या, "मी आले तर चालेल? माझ्या बहिणीलाही आणायचं आहे."

ती बहीण म्हणजे रूथ. मार्गरेटबाईंहून बरीच धाकटी, गोलमटोल, बोलकी. सकाळी ती रीडिंग गावाहून ट्रेनने आली होती. पण सगळा वेळ ती बोलत होती ती माझ्याशी आणि अनिताशी. बहिणीशी "खिडकी लावू का?" यापलीकडे काही नाही. नाताळला कार्ड पाठवायचं, एवढंच त्यांचं नातं, असं नलूताईने मला सांगून ठेवलं होतं.

एल्सबरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळी शेतं लागली. मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं, पण वारा मात्र मे महिन्यातही कानाला झोंबणारा.

ब्लेचलीला पोचल्यावर आधी माझी निराशाच झाली. लाल विटांचा एक बोजड बंगला, पुढे बदकांचं तळं, आणि रंगाचे पोपडे सुटलेल्या लाकडी बराकी. काही खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. इथे बसून लोकांनी युद्धाची दिशा बदलली?

आत काचेखाली जर्मन यंत्र होतं, एनिग्मा. दिसायला लहानसा टाइपरायटरच. एक अक्षर दाबलं की आतली चाकं फिरतात आणि भलत्याच अक्षराचा दिवा लागतो. तेच अक्षर पुन्हा दाबावं तर आता तिसराच दिवा. माहिती सांगणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पण एक खोट होती. कुठलंही अक्षर कधीच स्वतःच्या रूपात बाहेर पडत नसे." तेवढ्या फटीतून माणसं आत शिरली! मी तिथेच खिळून राहिले.

मार्गरेटबाई मात्र शेजारच्या यंत्रापाशी थांबल्या होत्या. ते इंग्रजांचं, बरंच जाडजूड.

"मी यावर बसायचे," त्या म्हणाल्या.

रूथने वळून पाहिलं. "कशावर?"

"यावर. त्या दिवसाची किल्ली सापडली की दुसरे लोक तशी चाकं लावून द्यायचे आणि आम्ही जर्मनांचे संदेश टाइप करायचो. इथून उलगडलेल्या मजकुराची कागदी पट्टी बाहेर यायची. जर्मन मला येत नव्हतं. पण जहाजाचं नाव कुठल्याही भाषेत वाचता येतं, रूथ."

रूथचा चेहरा उतरत गेला. या दोघींचा मधला भाऊ टॉम व्यापारी जहाजावर खलाशी होता आणि अटलांटिकमध्ये बुडाला, हे मला मागाहून रूथने सांगितलं.

"तार यायच्या आधी तुला माहीत होतं?" रूथने विचारलं.

"आठवडाभर आधी. दोन दिवसांची रजा होती. घरी आले तर आई त्याच्यासाठी पार्सल बांधत होती."

"मोजे आणि केक," रूथ म्हणाली. "मी अकरा वर्षांची होते. सुतळीच्या गाठीवर बोट तू ठेवलं होतंस. मला आठवतं."

"हो."

"आणि तार आली तेव्हा तू रडली नाहीस. आई मरेपर्यंत म्हणायची, मार्गरेटला काळीज नाही. मीही तेच म्हणत आले."

"ऐकलंय मी."

"आईला तरी सांगायचं होतंस!"

"गुप्ततेच्या कागदावर सही केली होती मी. आईने शेजारी सांगितलं असतं, शेजाऱ्यांनी दुकानात. मग जर्मनांनी चाकं बदलली असती, आणि आणखी कुणाचा तरी टॉम बुडाला असता. पुढे सांगायला मोकळीक मिळाली, तेव्हा आई नव्हती. आणि तू बोलत नव्हतीस."

रूथ बाहेर गेली. खिडकीतून ती तळ्याकाठाने चालताना दिसत होती. अनिता मागे निघाली, तर मार्गरेटबाईंनी तिचा हात धरला. "राहू दे तिला."

आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. स्कोन (साय आणि मुरंब्याबरोबर खायचा खुसखुशीत पाव) समोर आले, पण हात कुणाचाच पुढे होईना. अखेर अनिता मला हळूच म्हणाली, "मावशी, तुझी चहा थंड झाला." एरवी मी तिचं मराठी दुरुस्त केलं असतं.

बऱ्याच वेळाने रूथ आली. डोळे लाल, बुटांना चिखल. ती बहिणीशेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तो केक आपण खायला हवा होता. युद्धातली रेशनची साखर होती ती." मार्गरेटबाई आधी हसल्या. मग तोंडावर रुमाल धरून त्या रडू लागल्या, अगदी आवाज करून. शेजारच्या टेबलावरची माणसं शिष्टाचाराने दुसरीकडे बघू लागली. रूथने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

परतताना मेडनहेड स्टेशनपाशी अनिताने गाडीचा वेग कमी केला, तशी रूथ म्हणाली, "इथे नको. मी आज मार्गरेटकडे राहते."

"वरच्या खोलीत पलंगावर चादर नाही," मार्गरेटबाई म्हणाल्या.

"मग घालू ना दोघी मिळून."

संध्याकाळी सगळं ऐकून नलूताई कितीतरी वेळ खिडकीतून शेजारच्या घराकडे बघत राहिली. "वीस वर्षं माझ्या शेजारी राहतेय ती बाई," ती म्हणाली, "आणि मला वाटायचं, तिला भाऊच नव्हता."

मी साताऱ्याला परत आले. वर्गात मुलांना एनिग्माची चाकं फळ्यावर काढून दाखवते. मुलांना मजा येते, मलाही येते. घंटा झाली की फळा पुसताना मला त्या घरातली आई दिसते, मोठ्या आशेने सुतळी आवळणारी. आणि तिच्यासमोर गाठीवर बोट ठेवून उभी असलेली मुलगी, जिला सगळं माहीत आहे, आणि जी विचारते, "अजून घट्ट धरू का?"