मामांचं वैयक्तिक मत

माझ्या बायकोच्या मामांनी ज्यावर आपलं मत लिहून ठेवलेलं नाही, असा एकही विषय या पृथ्वीतलावर उरलेला नाही. चंद्रावर उतरणारं यान, परक्या देशातली निवडणूक, विजेवरच्या गाड्या, नटनट्यांचे घटस्फोट, सगळ्या बातम्यांखाली मामा हजर. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या आंधळ्या माशांचा एक व्हिडिओ मी एकदा पाहत होतो. मामांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, पण त्या व्हिडिओखालीही त्यांची कमेंट सापडलीच : ‘मासा आंधळा हाय हे कुनी तपासलं? अंधारात आपल्यालाबी दिसत न्हाई, म्हून आपन आंधळे का?’

बीडजवळच्या पालीत मामांनी उभी हयात वायरमन म्हणून काढली. निवृत्तीनंतर लेकीनं हातात मोबाइल दिला आणि विजेच्या खांबावरून उतरलेले मामा थेट इंटरनेटवर चढले. सकाळचा चहा झाला की अंगणात लिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला चष्मा लावायचा आणि एका बोटानं टाइप करायला लागायचं. बोट असं टेकवून झटकन मागं घ्यायचे, जणू तारेत करंट आहे की नाही हे बघताहेत. दुपारी जेवायला हाका मारून मामी दमून जायच्या. “या मानसाला जेवाया बोलवायचं तर आता मलाबी कमेंटच टाकावी लागंल,” असं त्या मला सांगायच्या. कमेंटची सुरुवात ‘आदरणीय महोदय, स. न. वि. वि.’ अशी व्हायची, मध्ये महोदयांची अक्कल निघायची आणि शेवटी यायचं, ‘हे माझं वैयक्तिक मत हाय. कळावे.’ कुणी नुसतंच लाल बदाम पाठवून बोळवण केली की मामा उखडायचे. “बदाम कावून दिला? मी इचारलं त्याचं उत्तर दे म्हनावं!”

दुसऱ्याचा आलेला मेसेज तसाच पुढं ढकलणं मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही. “ढकलायला ती काय बंद पडलेली यस्टी हाय?” असं म्हणायचे. मत स्वतःचं पाहिजे आणि समोरच्यानं ते खोडून काढायला पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा. म्हणून काहीही विचारलं तरी उत्तर देणाऱ्या मोबाइलमधल्या बोलक्या यंत्राशीही त्यांचं जमलं नाही. मीच मोठ्या हौसेनं ते त्यांना सुरू करून दिलं होतं. आठवड्यानं विचारलं तर म्हणाले, “होयबा हाय ते, जावईबापू. चुकलास म्हनलं की लगेच माफी मागतंय. मुद्दाम सांगितलं, बिंदुसरेचं धरन मी एकट्यानं बांधलं, तर म्हनलं, अभिनंदन! असल्याशी बोलून कुनाचं डोकं चालंल?”

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसं होती, म्हणून मामांचा जीव तिथं रमायचा. कुणी औषधाचा रामबाण उपाय टाकला की मामा विचारणार, ‘तुमी घेतला का? किती दिवस? आता कसं वाटतंय?’ उपाय टाकणारा मेसेजच पुसून टाकायचा. या सवयीपायी त्यांना ग्रुपमधून चारदा काढलं होतं. चारही वेळा आठ दिवसांच्या आत परत घेतलं, कारण लाइट गेली की ती नेमकी कधी येणार हे सांगणारा गावात तेवढा एकच माणूस होता.

पाचव्यांदा काढलं त्या दिवशी मी पालीतच होतो. भर उन्हाळ्यातली दुपार. पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, असा एक व्हिडिओ ग्रुपवर येऊन पडला आणि गाव पेटलं. मामांनी लागोपाठ लिहिलं : ‘व्हिडिओ कुठला? गाडीचा नंबर आपल्या राज्याचा न्हाई. मागची दुकानाची पाटी वाचा.’ वाचायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मामांनाच काढून टाकलं. तेवढ्यात रस्त्यानं पळत जाणारा एकजण ओरडला, “सापडले! स्टँडवर धरलेत दोघं!”

मामांनी मोबाइल खुर्चीवर ठेवला आणि चपला घातल्या. मामी म्हणाल्या, “अवो, ताट वाढलंय.” तोवर ते फाटकाबाहेर होते. मी मागून धावलो.

स्टँडवर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. बंद दुकानाच्या शटरला टेकून चटया विकणारे नवरा-बायको उभे होते. त्याचा शर्ट फाटलेला. तिच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची पोरगी जिवाच्या आकांतानं रडत होती. पुढं उभ्या असलेल्या एका दांडगटाच्या हातात काठी होती. “पोरगी आईसारखी दिसत न्हाई! चोरलेलीच हाय!” तो ओरडला.

मामा मध्ये घुसले आणि त्या दोघांकडं पाठ करून काठीसमोर उभे राहिले. “दिसत न्हाई म्हून चोरलेली? तू तुझ्या बापासारखा दिसतोस का बे?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी तेवढी फट धरली. “कुनाचं पोरगं हरवलंय? हात वर करा. कुनाचंच न्हाई? मग पळवलं काय, चटई?” मग त्यांनी सगळ्यांना मोबाइल काढायला लावले. “तो व्हिडिओ लावा. पाटी मोठी करून बगा. अक्षर कोनतं हाय, सांगा मला!”

पाटी मोठी करायला दोन बोटं लागतात आणि मोबाइल धरायला दुसरा हात. काठीवाल्यानं काठी भिंतीला टेकवली. मी ती हळूच उचलून पलीकडच्या नालीत टाकली आणि पोलिसांना फोन लावला. इकडं एकजण म्हणाला, अक्षर तेलुगू आहे. दुसरा हैदराबादला राहून आलेला. तो म्हणाला, कन्नड आहे. दोन तट पडले. मामा कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं बोलत भांडण विझू देत नव्हते. तासाभरानं पोलिसांची जीप आली, त्यांनी चटईवाल्याच्या गावी फोन करून खात्री केली. पोरगी त्यांचीच होती. चटयांसकट तिघांना जीपमध्ये बसवून नेलं, तरी लिपीचा निकाल लागलेला नव्हता.

घरी येऊन मामा ताटावर बसले, पण त्यांना भाकरी मोडेना. मामींनी ती कालवणात कुस्करून दिली. “इतकी वर्षं लाइनवर काम केलं, जावईबापू,” ते म्हणाले, “पर असा भ्यालो न्हवतो.” संध्याकाळपर्यंत ग्रुपनं त्यांना परत घेतलं, वर ॲडमिन व्हा म्हणून गळ घातली. मामांनी साफ नकार दिला. “ॲडमिनला भांडता येत न्हाई. नुसतं लोकाला काढत बसावं लागतं.”

त्या दुपारला काही वर्षं झाली, आता मामांची नजर अधू झाली आहे. बोलून टाइप करायची सोय मी लावून दिली, पण यंत्राला त्यांची बोली कळत नाही, त्यांना यंत्राची शुद्ध मराठी सोसत नाही. मतं कमी झाली. एखादी बातमी वाचली की माझं बोट आपोआप खाली सरकतं आणि तिथं ते नसतात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ते खुर्चीत नुसतेच बसून होते. मग एकदम म्हणाले, “त्या दिवशी मी तासभर बोललो ना?”

“हो, मामा. म्हणून तर ती माणसं वाचली.”

“सगळ्या गावाशी बोललो. पर एकदाबी मागं वळून त्या बाईला, भिऊ नको, म्हनलो न्हाई.” मग त्यांनी विचारलं, “ती पोरगी आता शाळंत जात आसंल का हो?”

“जात असेल, मामा,” मी म्हणालो.

तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नाही.