एक गोड दे

नंदुरबारच्या ज्या चौकात इंग्रजांच्या पोलिसांनी झेंडा घेऊन निघालेल्या शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या, तिथंच ती लिमलेटच्या अन् चिंचेच्या गोळ्यांच्या बरण्या मांडून बसायची. नाव कुणी विचारलं नाही. सगळ्यांची ती माय.

नवखं पोरगं हमखास चुकायचं. "माय, एक गोळी दे!" की तिचा तळहात बरणीच्या झाकणावर पडायचा आणि तसाच राहायचा. बाकीची पोरं खुसखुसायची. ती रागवायची नाही, फक्त वाट बघायची.

एकदा माझीच लेक अशी अडकली. मी मध्ये पडलो, "गोळीले गोळीच म्हनतस ना, माय?"

तिनं चौकातल्या, त्या पोरांच्या स्मारकाकडे हनुवटी उडवली. "आठे गोळी मांगानी नई, भाऊ. आठे पोरेसले एकदा गोळी भेटेल शे. आते गोड मांगानं."

"माय, एक गोड दे," लेक म्हणाली. हात लगेच उचलला गेला.

देशाचा इतिहास जाड पुस्तकांत असेल. आमच्याकडे त्यानं बाजारातला एक शब्द बदलला, हे मी छातीठोक सांगतो. घसा बसला की चौकातले रिक्षावालेही गोडच मागतात.

लेक आता पुण्यात शिकते. परवा तिनं दुकानात सवयीनं "एक गोड द्या" म्हटलं. दुकानदाराला कळेना. "गोळी हवीय का?" त्यानं विचारलं.

"मग?" मी फोनवर म्हणालो.

"मग काय, पप्पा! त्याच्या बरणीवर हात ठेवला आणि आपल्या चौकाचं सगळं सांगितलं."